आईला घेऊन उत्तर नॉर्वे: जूनचा न मावळणारा सूर्य की डिसेंबरचा काळोख? सल्ला हवा

कंदीलपुष्प (५ जाने. २०२५)

नमस्कार मंडळी, सात वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आईला (वय ६९, गुडघे बरे, बीपीची एक गोळी, उत्साह माझ्यापेक्षा जास्त) कुठूनतरी कळलंय की नॉर्वेत रात्री बारा वाजता ऊन असतं, आणि तेव्हापासून 'मरायच्या आधी एकदा ते बघायचं' चालू आहे. नवऱ्याला मात्र नॉर्दर्न लाइट्स (रात्री आकाशात दिसणारे ते हिरवे झोत) बघायचेत, त्याचं म्हणणं ऊन ठाण्यात काय कमी आहे, त्यासाठी एवढे पैसे घालून जायचं? मुलगा ८ वर्षांचा, त्याला रेनडिअर दिसलं की झालं. सुट्टी एकदाच मिळणार, आठ-नऊ दिवस. दोन्ही गोष्टी एकाच ट्रिपमध्ये होतील असा कुठला महिना आहे का? ट्रॉम्सो हे नाव सगळीकडे दिसतंय. आई शाकाहारी आहे आणि सगळ्या संकष्ट्या करते, तोही एक मुद्दा आहेच.

डब्बा_ऐसपैस

पैला!

दोन्ही एका ट्रिपमध्ये होत नाही ताई, हे पहिलं डोक्यातनं काढा. लाइट्स दिसायला काळोख लागतो आणि जूनमध्ये तिकडे काळोखच नसतो. सप्टेंबर ते मार्चअखेर लाइट्सचा सीझन.

आम्ही डिसेंबरात गेलो होतो, २०२३. पाच रात्रींपैकी चार रात्री ढग. चार! रोज सहाला बाहेर पडायचं, मध्यरात्रीपर्यंत गोठायचं आणि परत यायचं. पाचव्या रात्री बसवाल्याने दोन-अडीच तास आत, फिनलंडच्या हद्दीकडे स्किबोटनला नेलं, डोंगरांच्या आड असल्याने तिथे आकाश जास्त मोकळं मिळतं म्हणे, आणि खरंच मिळालं. वीस मिनिटं. हिरवा पडदा कुणीतरी हळूच झटकतंय असा. खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं. पण सासूबाई तोपर्यंत हॉटेलात, कारण दुसऱ्याच दिवशी फुटपाथवरच्या बर्फावर घसरून पाय मुरगळला होता. ६९ वर्षांच्या बाईंना डिसेंबरात नेऊ नका एवढंच माझं म्हणणं.

उत्तररात्र

मी ट्रॉम्सोत राहते, सहावं वर्षं चालू आहे, माहेर सांगली. घाईघाईत लिहितेय, मुलगी झोपली तेवढ्यात.

आधी तारखा. ट्रॉम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही आणि २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी उगवत नाही. आणखी वर, नॉर्डकापला, १४ मे ते २९ जुलै. खाली बोडोला ४ जून ते ८ जुलै एवढंच. त्यामुळे 'नॉर्वे' म्हणून ऑस्लोचं तिकीट काढलंत तर यातलं काही नाही, ऑस्लोत जूनमध्येही सूर्य रीतसर मावळतो. ऑस्लोहून ट्रॉम्सो विमानाने दोन तासांच्या आत. ट्रॉम्सोला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन नार्विक, तिथून बसने चार तास.

आता काळोखाबद्दल. लोकांना वाटतं डिसेंबरात इथे चोवीस तास डांबर ओतल्यासारखा अंधार असतो, तसं नाहीये. दुपारी बाराच्या आसपास तीन-चार तास निळा उजेड येतो, दक्षिणेकडे डोंगरांच्या मागे गुलाबी रेघ, आणि खाली बर्फ असल्याने तेवढा उजेडही पुरतो. घराघरात खिडकीत दिवा ठेवतात, पडदे कुणी ओढत नाही, रस्त्याने चाललं की सगळी घरं दिवाळीतल्यासारखी. मला डिसेंबर कधीच जड गेला नाही. जड जातो तो ऑक्टोबर-नोव्हेंबर, दिवस रोज दहा-पंधरा मिनिटांनी तुटत जातो आणि बर्फ अजून टिकलेला नसतो, नुसता चिखल. पहिल्या नोव्हेंबरात मी दुपारी तीनला भांडी घासताना रडले होते, कारण काही नाही.

आणि थंडी! समुद्राचा कोमट प्रवाह असल्याने इथे हिवाळ्यात सरासरी उणे चारच्या आसपास असतं. लेहवाले हसतील. घसरडं मात्र फार, बुटाखाली लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ब्रोडर म्हणतात, इथल्या आज्या ते लावून तुरुतुरु चालतात. अंगात लोकर, सुती बनियन नको, घाम आला की तोच गार पडतो.

सूर्य परत येतो तो दिवस २१ जानेवारी. हिशोबाने १५ तारखेलाच येतो पण डोंगर आडवे आहेत. त्या दिवशी सगळे जॅम भरलेले गोल बन खातात, सोलबोलर, ऑफिसात, शाळेत, सगळीकडे. पहिल्या वर्षी मला वाटलं काय हा पोरकटपणा. दुसऱ्या वर्षी मी तीन खाल्ले.

उन्हाळ्याबद्दल नंतर लिहिते, उठली.

खगोलखोर

वर तारखा बरोबर आहेत, थोडी भर घालतो, कंटाळा आला तर पुढे जा.

पृथ्वीचा आस २३.४ अंश कललेला म्हणून ६६.५ अंश उत्तर अक्षांशाच्या वर हा प्रकार होतो हे शाळेत झालंय. ट्रॉम्सो ६९.६ अंशावर. म्हणजे २१ जूनला मध्यरात्री सूर्य क्षितिजाच्या फक्त ३ अंश वर. हात लांब करून दोन बोटं आडवी धरा, साधारण तेवढा. मध्ये टेकडी आली की संपलं, म्हणून उत्तरेला समुद्र मोकळा दिसेल अशी जागा हवी. हो, उत्तरेला. मध्यरात्रीचा सूर्य उत्तरेकडे असतो, हे माहीत असूनही प्रत्यक्ष बघताना डोकं गरगरतं असं ऐकून आहे.

दुसरं, घड्याळात बारा वाजता तो सगळ्यात खाली नसतो. उन्हाळी वेळ एक तास पुढे आणि ट्रॉम्सोचं रेखांश १९ पूर्व, हिशोब केला तर पाऊण वाजता. बारा वाजता फोटो काढून झोपायला जाणारे पाऊण तास आधीच जातात.

डिसेंबरातही दुपारी सूर्य क्षितिजाखाली ३ अंशच असतो, म्हणून तो निळा उजेड. नॉर्वेच्याच पार उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर (७८ अंश) तेच साडेअकरा अंशांहून खाली जातं, तिथे मात्र डिसेंबरात खरंच डांबर.

जुना_पेठकर

लोकमान्यांचा विषय अजून निघाला कसा नाही? १९०३ साली त्यांनी मांडलं होतं की ऋग्वेदातली उषेची वर्णनं, ती दिवसचे दिवस चालणारी पहाट, आपल्याकडच्या पहाटेला लागूच होत नाही, ती उत्तर ध्रुवाकडचीच असली पाहिजे, सबब आर्यांचं मूळ घर तिकडे. तज्ज्ञ आज ते मानत नाहीत हे माहीत आहे, कुणी लिंका फेकू नका. पण स्वतः कधी तिकडे न जाता नुसत्या ऋचा आणि गणितावर त्या पहाटेपर्यंत पोचलेला माणूस! ताई, आईला सांगा, माहेरी चाललात म्हणून.

डब्बा_ऐसपैस

आला आला, धाग्यावर आर्य आला. शंभर प्रतिसाद नक्की.

वास्कोदादा

भांडू नका रे. आर्यांचं सोडा, आजचे आपले लोक तिकडे आहेत ते बघा. स्वालबार्डला न्यू ओलेसुंडमध्ये भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून आहे आणि ते चालवतं आमच्या वास्कोतलं ध्रुवीय संशोधन केंद्र. आधी संशोधक उन्हाळ्यात जायचे, डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही, म्हणजे त्या डांबरात.

फिरायला स्वालबार्ड करायचं असेल तर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, माझ्या मेव्हण्याचा पोपट झाला होता. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असं सगळे सांगतात, ते खरं आहे, पण ते शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे आणि जायचं नॉर्वेतूनच. म्हणजे तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात, परत यायला दुसरी एन्ट्री लागते. याने फॉर्मवर सिंगल टिकमार्क केलेली. लाँगइयरब्येनचं (स्वालबार्डचं मुख्य गाव) तिकीट, हॉटेल, सगळं पाण्यात. आणि गावाबाहेर एकट्याने फिरायचं नाही, पांढरी अस्वलं आहेत, गाइड बंदूक घेऊनच चालतात.

कंदीलपुष्प

बापरे किती माहिती, धन्यवाद सगळ्यांना! स्वालबार्ड कॅन्सल, अस्वल ऐकून आई तयार झाली आणि मीच घाबरले.

आम्ही आता जूनकडे झुकतोय. नवरा रुसलाय. जूनमध्ये नक्की काय करतात, नुसतं ऊनच बघायचं का? आणि झोपेचं काय?

उत्तररात्र

उन्हाळा राहिला होता.

झोपेचंच सगळ्यात मोठं आहे. थंडीला कपडे असतात, उजेडाला काही नाही. पहिल्या जूनमध्ये मी बेडरूमच्या खिडकीला स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल चिकटवला होता, शेजारच्या काकूंनी बघून काही न बोलता जाड पडद्याच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. शरीराला कुणी 'झाली बरं का रात्र' असं सांगतच नाही. भूक लागत नाही, लागली तर अकराला लागते, मुलं साडेदहाला सायकली फिरवतात, समोरचे आजोबा रात्री बाराला गवत कापतात. गवत कापायचं यंत्र चालू झालं की मला वाटायचं सकाळ झाली. जाग आली आणि घड्याळात ३:२० दिसले की पहाटेचे की दुपारचे हे खरंच कळत नाही, मी एकदा फोनवर आईला विचारलंय, आत्ता आमच्याकडे काय आहे गं.

त्यामुळे आईंसाठी: डोळ्यांवरची पट्टी, बुकिंग करताना 'काळे पडदे आहेत का' विचारा, आणि बीपीची गोळी घड्याळावर लावा, उजेडावर नाही. ही शेवटची गोष्ट विनोद म्हणून सांगत नाहीये.

बघायला: केबल कारने ४२१ मीटरवर जाता येतं, धडधाकट लोक १२०० पायऱ्या चढून जातात, त्या पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधल्यात. पांढरं त्रिकोणी आर्क्टिक कॅथेड्रल १९६५ चं. पण खरं सांगू का, गाडी घ्या आणि क्वालोया बेटावर निरुद्देश फिरा. तिथेच पुढे सोमारोय आहे, तेच गाव ज्याने २०१९ मध्ये 'आम्हाला घड्याळ नको, वेळमुक्त करा' अशी मागणी केली म्हणून जगभर बातम्या आल्या होत्या. नंतर कळलं की ती पर्यटनाची जाहिरातबाजी होती, सरकारी पैशातली, माफी मागायला लागली. पण पुलावर हातातली घड्याळं बांधलेले फोटो मस्त होते.

खाणं महाग. कॉफी ५० क्रोनर म्हणजे चारशे रुपये. किचन असलेली जागा घ्या, किराणा रेमा किंवा किवीमधून, रविवारी ही दुकानं बंद, शनिवारीच भरून ठेवा. नळाचं पाणी प्यायचं, बाटल्या विकत घेणारे भारतीय बघून मला लाज वाटते. जाता जाता, भारतातून दूध-तुपाचे पदार्थ आणायला परवानगी नाही. तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या घरीच ठेवा. भाजणी, मेतकूट, पोहे, चिवडा चालतं.

चिवडाप्रेमी

तूप नाही???? मग मेतकूट-भात कशाशी खायचा, माझा या देशाला विरोध.

वसईकर_मी

ट्रॉम्सोला चाललात तर लोफोटेन बेटं सोडू नका. मी एप्रिलात गेलेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी मांडव आणि त्यावर मासे टांगलेले, हजारोंनी, शेपटीला शेपूट बांधून. कॉड. मीठ न लावता नुसत्या वाऱ्यावर फेब्रुवारी ते मे वाळवतात. आमच्याकडे बोंबील कसे काठ्यांवर जबडा जबड्यात अडकवून वाळत घालतात, सेम टू सेम, फक्त इथे मागे बर्फाचा डोंगर. वासही तसाच, माझ्या बायकोने रुमाल धरला आणि मी म्हटलं घरी आलो. डोकी वेगळी वाळवतात, ती नायजेरियाला जातात रश्शासाठी. ऊन जास्त असतं तर मासा सडला असता, थंडी जास्त असती तर गोठून फुटला असता, शून्याच्या आसपास रेंगाळणारी हवा आहे म्हणून हा धंदा हजार वर्षं चाललाय. तिथल्या एका म्हाताऱ्याला मी मोबाइलवर आमच्या मांडवाचा फोटो दाखवला, त्याला इंग्लिश येत नव्हतं, त्याने नुसता अंगठा वर केला आणि मग काडीने जमिनीवर त्याचा मांडव कसा तिरका उभारतात ते काढून दाखवलं. अर्धा तास आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो.

कंदीलपुष्प

आई शाकाहारी आहे हो! पण वाचून मजा आली.

सहज_सुचलं

मुलाला रेनडिअर दाखवायचंय तर एक लक्षात ठेवा, रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या सामी लोकांना 'तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत' असं विचारायचं नाही. तो बँकेत किती शिल्लक आहे विचारल्यासारखा प्रश्न समजतात. माझ्या लेकाने पहिला प्रश्न तोच विचारला. त्या काकांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत तेवढे.

खगोलखोर

संकष्टीचा मुद्दा कुणी घेतलाच नाही. ताई, जूनमध्ये १४ तारखेला शनिवारी संकष्टी आहे आणि तेव्हा तुम्ही ट्रॉम्सोत असाल तर चंद्रोदय होणारच नाही.

उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला चढलेला असतो, पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोब्बर समोर, म्हणजे दक्षिणेला उतरलेला. तिकडून तो क्षितिजावर येतच नाही. चतुर्थीपर्यंत थोडा वर सरकतो, पण चंद्राचं एक १८.६ वर्षांचं चक्र असतं आणि यंदा तो त्यातल्या सगळ्यात दक्षिणेच्या टोकाला जातोय, त्यामुळे चतुर्थीलाही नाही. डिसेंबरात उलटं, पौर्णिमेचा चंद्र दिवसचे दिवस मावळत नाही, नुसता गोल फिरतो.

थोडक्यात ज्या देशात चोवीस तास सूर्य आहे तिथे आईंचा उपास सुटण्याची सोय नाही. गंमतीत घ्या.

जुना_पेठकर

ठाण्याची वेळ धरायची. आपले लोक अमेरिकेत तिथली धरतात ती चंद्र उगवतो म्हणून. उगवतच नसेल तर घरची वेळ, यात शास्त्रार्थ कसला.

उत्तररात्र

मी तेच करते. सांगलीची वेळ. इकडे उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं त्यामुळे उलट बरंय, लवकर सुटतो.

कंदीलपुष्प (६ जुलै २०२५)

धागा वर काढतेय, जाऊन आलो! १० ते १८ जून. उशीर झाला कारण आल्यावर आठवडाभर कुणालाच झोप येत नव्हती आणि मग शाळा सुरू झाली.

खरं तेच लिहिते. पहिल्या तीन रात्री ढग. डब्बा_ऐसपैस, तुमची फार आठवण काढली. उजेड होता पण ट्यूबलाइटसारखा, सूर्य कुठाय पत्ता नाही, रात्री एक वाजता आई खिडकीशी बसून 'हे तर आपल्या पावसाळ्यातल्या दुपारसारखंच की' म्हणाली तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती विसरणार नाही. पडदे काळे होते पण मध्ये चार बोटं फट, त्यातून उजेडाची पट्टी बरोब्बर मुलाच्या तोंडावर. शेवटी सेफ्टी पिना लावल्या.

१४ ला शनिवार, संकष्टी. आईने उपास धरला. ठाण्याचा चंद्रोदय सव्वादहाच्या आसपास, म्हणजे तिथे संध्याकाळी पावणेसात. वहिनीला व्हिडिओ कॉल लावला की गच्चीवर जाऊन चंद्र दाखव. वहिनी गच्चीत छत्री धरून उभी, धो धो पाऊस. म्हणजे इथे चंद्र उगवत नाही आणि तिथे उगवलाय पण ढगात. आई म्हणाली, जाऊ दे, त्याला माहितीये मी कुठे आहे ते. तांदळाच्या पिठीचे मोदक केले होते, ओल्या नारळाऐवजी तिथल्या दुकानातला सुका कीस, तूप नाहीच, वरून नॉर्वेचं लोणी. मुलाने सहा खाल्ले.

आणि त्याच रात्री अकरानंतर आकाश फाटलं. उत्तररात्र यांना मेसेज केला, त्यांनी क्वालोयावरची एक जागा सांगितली, आम्ही सगळे स्वेटर चढवून गाडीत. पाऊण वाजता, खगोलखोर, तुमच्या हिशोबाप्रमाणे घड्याळ लावून उभे होतो. तो खाली खाली आला, समुद्राला आता टेकेल असं वाटलं, आणि टेकलाच नाही. आडवा सरकत राहिला उजवीकडे आणि मग लक्षात येईपर्यंत वर चढायला लागलेला. सगळं केशरी, पाणी, दगड, आईचं तोंड. शेजारी एक जोडपं कुत्र्याला फिरवत होतं, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

आईने चपला काढल्या, एवढ्या थंडीत, मोज्यांवर उभी राहून नमस्कार केला. मग मला विचारलं, आत्ताचा हा मावळतीचा की उगवतीचा? मी म्हटलं मला नाही सांगता येणार. ती म्हणाली मग अर्घ्य द्यायचं की नाही ते कसं ठरवू? नवरा म्हणाला, आई, देऊन टाका, चालतं. बाटलीतलं पाणी दिलं.

नवरा आता फेब्रुवारीची तिकिटं बघतोय.

डब्बा_ऐसपैस

ब्रोडर घ्यायला सांगा त्यांना.